काम नसताना लिहिलेली पत्रं

ताम्हिणी, ता. मुळशी
९ फेब्रुवारी १९५९

लीलाबाई चौबळ यांना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही पुण्यात नारायण पेठेत नर्सेस ब्युरो चालवता, इस्पितळांना आणि प्रसूतिगृहांना नर्सा मिळवून देता आणि माझं नाव तुम्हाला माझ्या ट्रेनिंगच्या शाळेतून कळलं, एवढं समजलं. कसं चाललं आहे ते अधूनमधून कळवत जा, असं तुम्ही लिहिलं आहे. ते कशासाठी, हे मात्र समजलं नाही.

मला नोकरी आहे. इथे एका ट्रस्टचा दवाखाना आहे. डॉक्टर दर गुरुवारी पौडहून येतात, बाकीचे दिवस मी एकटी बघते. माझं माहेर माण. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवरा गेला. भाऊ हैबतराव यानं गावाचं बोलणं अंगावर घेऊन मला नर्सिंग शिकायला पाठवलं. शिकून झाल्यापासून इथेच आहे. दुसरी जागा मला नको. नोकऱ्या लावणाऱ्या माणसांच्या पुढेपुढे करणं मला जमत नाही. आम्ही गावाकडची माणसं तोंडावर बोलतो, तेव्हा राग मानू नये.

तुळजाबाई पारखी


नारायण पेठ, पुणे
२० फेब्रुवारी १९५९

तुळजाबाई,

राग कसला? अशी सरळ उत्तरं मला फार मिळत नाहीत.

कशासाठी ते सांगते. मागच्या महिन्यात एक बाई जिना चढून आली. बरीच वर्षं केलेली नोकरी आदल्या दिवशी गेलेली. पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी एखाद्या मेट्रनकडे तिचं नाव घेऊन गेले की ती विचारणार, "बाई कशी आहे?" काय सांगू? सर्टिफिकेट त्यांनाही वाचता येतं. आणि तिला विचारावं तर ती घाबरलेली. घाबरलेलं माणूस स्वतःबद्दल एकतर फार वाढवून सांगतं, नाहीतर काहीच सांगत नाही. ही बाई काहीच सांगू शकली नाही. ती जिना उतरून गेली आणि मी तिच्यासाठी काही करू शकले नाही.

म्हणून मी सगळ्यांना म्हणते, काम नसताना लिहा. पुढेपुढे करू नका, माझी खुशामत करू नका. या महिन्यात काय केलंत एवढंच लिहा. माणूस कसं आहे ते त्यातून कळतं, आणि मग कोणी विचारलं तर मी खरं सांगू शकते.

यात माझाही थोडा स्वार्थ आहे. दिवसभर इथे बायकांची ये-जा असते, पण सहा वाजले की जिन्यावर पाऊल वाजत नाही. आई होती तोवर घरात आवाज होता. आता आलेलं टपाल मी संध्याकाळसाठी राखून ठेवते.

लीला चौबळ


ताम्हिणी
२ ऑगस्ट १९५९

लीलाबाई,

पत्राला उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता पाऊस आहे आणि धुकं दवाखान्याच्या आत येऊन बसतं. चार-चार दिवस माणूस फिरकत नाही. काल मी स्टोव्हशी बोलत होते, ते माझं मलाच ऐकू आलं. म्हणून म्हटलं, त्यापेक्षा तुम्हाला लिहावं.

वरच्या वाडीतल्या तानुबाईची लेक सखू अडली होती. तानुबाईचा भाऊ चिंधू मला न्यायला आला. आम्ही पोचलो तर मूल पायाळू, पाय आधी दिसत होते. पौडला न्यायचं म्हटलं तर तानुबाई आडवी आली. "न्हाई न्यायची, बाई. वढ्याला उतार न्हाई. वाटंतच मरंल. त्यापरास हितंच काय ते हुंद्या." तिचं खरं होतं. ओढा मी नुकताच ओलांडून आले होते.

पायाळू मुलाला ओढायचं नसतं, लीलाबाई. हात मागे घेऊन थांबायचं असतं. बाकीचं शिकता येतं, ते थांबणंच कठीण. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी काही करत नव्हते. शेवटी डोकं सुटलं. पोर निळं होतं. मग रडलं.

तानुबाईनं विचारलं, "बाई, तुमी भ्याला न्हाई?"

मी म्हटलं, "लई भ्याले."

त्यावर ती हसली, सखूपण हसली. मी निघाले तेव्हा सखू म्हणाली, "बाई, तुमी तितं खाली एकल्याच ऱ्हाता? मंग तुमच्यासंगं बोलतं कोन?" मी छत्री उघडली आणि निघाले. या महिन्यात केलं ते एवढंच.

तुळजाबाई


पुणे
१९ ऑगस्ट १९५९

प्रिय तुळजाबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्यानं वाचलं, ते इथल्या एका मोठ्या प्रसूतिगृहाच्या मेट्रन गोजराबाईंना. त्या वरवर फार कडक आहेत. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "थांबता येणारी बाई मला हवीच होती." त्यांच्याकडे सिस्टरची जागा रिकामी आहे. राहायला खोली, बरोबर चार नर्सा, पावसात ओढे ओलांडायला नकोत. मी तुमचं नाव दिलं आहे. त्या महिनाअखेरपर्यंत थांबतील.

आता हो म्हणा. तुम्ही तिथे स्टोव्हशी बोलत बसावं हे मला बघवत नाही.

तुमची लीला


ताम्हिणी
२८ ऑगस्ट १९५९

लीलाबाई चौबळ यांना,

सखूची गोष्ट तुम्हाला सांगितली ती तुम्ही विचारलं म्हणून. मला बाजारात मांडावं म्हणून नाही. ती पोर अडली असताना मी तिथे होते, ते तिचं घरातलं होतं. ते कुठल्या तरी मेट्रनबाईंना वाचून दाखवायचं हे मला कुणी विचारलं नाही. माझं नाव द्यायचं हेही विचारलं नाही.

मी येणार नाही. आता यापुढे लिहायला काही नाही.

तुळजाबाई पारखी


पुणे
१४ सप्टेंबर १९५९

तुळजाबाई,

चूक माझी. विचारायला हवं होतं. इतकी वर्षं माणसं या जागेवरून त्या जागेवर पाठवताना, काहींना आपली जागा सोडायची नसते, हे मी विसरत गेले. गोजराबाईंना तुमचा नकार कळवला आहे. "ही मुळशीतच राहायची बाई आहे," असं मी माझ्या मनाशी नोंदवून ठेवलं आहे. ते पुन्हा विसरणार नाही.

उत्तर नाही आलं तरी मी अधूनमधून लिहीन.

लीला


पुणे
दिवाळी, १९६०

तुळजाबाई, शुभेच्छा. वर्षभरात तुमचं पत्र नाही. मी बरी आहे. आता बरीच इस्पितळं वर्तमानपत्रात जाहिरात देतात, त्यामुळे माझ्याकडे येणं कमी झालं आहे. थंडी जपा.

लीला


ताम्हिणी
१८ मे १९६१

लीलाबाई यांना नमस्कार.

तुमची दोन्ही दिवाळीची कार्डं मिळाली होती. उत्तर दिलं नाही, ते राहून गेलं. इथे सगळं ठीक आहे. दवाखाना नेहमीसारखा चालू आहे. डोंगरात करवंदं आली आहेत. तब्येत बरी आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून कळवलं.

तुळजाबाई


पुणे
९ जून १९६१

प्रिय तुळजाबाई,

तुमचं पत्र आलं आणि माझा दिवस चांगला गेला. पाकिटावर शिक्का मात्र पौडचा नव्हता, हिंजवडीचा होता. माणचं टपाल तिथूनच निघतं, म्हणजे तुम्ही भावाकडे गेला आहात. सुट्टी घेतली असेल, घरात लग्न असेल. ऐकून फार बरं वाटलं. ताम्हिणीच्या धुक्यात तुम्ही एकट्या असता या विचारानं मला कधीकधी चैन पडत नाही. आता महिनाभर तरी तुमच्याभोवती माणसं असतील, भाचरं असतील, कुणी तरी हाक मारत असेल.

इथे मात्र दिवस लांब झाले आहेत. पूर्वी जिन्यावर बायका उभ्या राहायच्या. काल दिवसभरात एक आली, तीही पत्ता चुकून. मी तिला बसवून चहा दिला.

सुट्टीवरून परत गेलात की लिहा.

लीला


माण, ता. मुळशी
६ जुलै १९६१

लीलाबाई,

मी सुट्टीवर नाही. दवाखाना मार्चअखेर बंद झाला. ट्रस्टच्या लोकांनी येऊन कुलूप लावलं. मी माणला आले.

मागच्या पत्रावर मी ताम्हिणी लिहिलं ते खोटं होतं. तुमच्यापाशी मागायची वेळ आली आणि मागता येईना. तुम्ही आपण होऊन दिलेलं मी फेकलं होतं, वर वाटेल ते बोलले होते. आणि आता नोकरी गेल्यावर पदर मुठीत धरून तुमचा जिना चढायचा? तुम्ही सांगितलेली ती बाई मला रोज आठवत होती.

इथे मला कुणी टाकून बोलत नाही. भाऊ चांगला आहे, वहिनी चांगली आहे. पण घरातली कामं वाटून झालेली आहेत. मी भाकरी करायला बसले की वहिनी म्हणते, "ऱ्हाऊ द्या वन्सं, तुमी बसा." झाडायला घेतलं की भाची हातातली केरसुणी काढून घेते. मग मी ओट्यावर बसते. घरात दहा माणसं आहेत. ताम्हिणीत एकटेपणानं मला इतकं कधी खाल्लं नव्हतं. तिथे कुणाला तरी माझी गरज होती.

परवा शेजारच्या घरी बाळंतपण झालं. त्यांनी गावातल्या धोंडाबाईला बोलावलं, मला नाही. ती त्यांची नेहमीची सुईण. तिनं चांगलं केलं. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते.

मला काम हवं आहे, लीलाबाई. कुठेही चालेल. पुण्यात म्हणाल तर पुण्यात.

तुळजाबाई


माण
१७ जुलै १९६१

लीलाबाई,

पानशेत फुटलं म्हणतात. भाजीच्या गाड्या अर्ध्यातून परत आल्या. नारायण पेठेत घरंच्या घरं गेली, असं सांगतात. खरं किती ते कळत नाही. हैबतराव सायकलवर गेला होता, पण त्याला नदीपलीकडे जाऊ दिलं नाही.

माझ्या नोकरीचं राहू द्या. एक ओळ लिहा.


माण
२४ जुलै १९६१

लीलाबाई, हे पत्र कुठे पोचेल मला माहीत नाही. पत्त्यावरचं घर आहे की नाही तेही माहीत नाही. कुणी हे उघडलं आणि बाई तिथे नसतील, तर कृपा करून कळवा. त्यांचं कुणी नाही, म्हणून विचारणारी मी आहे. मी तुळजाबाई पारखी, माण.


पुणे, निर्वासितांची छावणी
३० जुलै १९६१

प्रिय तुळजाबाई,

मी आहे. एका शाळेच्या वर्गात बाकांवर झोपते. चोवीस तारखेचं तुमचं पत्र पोस्टमननं शोधत शोधत आणून दिलं. "बाई, तुमचं कुणी नाही असं कुणीतरी लिहिलंय बघा," म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. मग मला रडू आलं.

तुमचं सहा तारखेचं पत्र मला पूर येण्याच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. उद्या सकाळी उत्तर लिहू म्हणून ठेवलं. सकाळी पाणी आलं. शेजाऱ्यांनी हाताला धरून पर्वतीकडे नेलं. परत आले तेव्हा जिना होता, पण वर खोल्या नव्हत्या. इतक्या वर्षांची नर्सांची सगळी कार्डं गेली. नावं, पत्ते, शिक्षण, सगळं.

परवा छावणीचे डॉक्टर मला शोधत आले. "बाई, टोचायला हात हवेत. पटकी पसरायच्या आत हवेत. नर्सांची नावं द्या." मी म्हटलं, माझ्याकडे काहीच उरलं नाही. ते म्हणाले, "डोक्यात असतील ती द्या."

बाकावर बसून मी आठवू लागले. शेकडो बायकांना मी नोकऱ्या लावल्या. गरजेपुरत्या येऊन गेलेल्यांपैकी एकीचंही नाव येईना, चेहरेसुद्धा येईनात. आली ती काम नसताना मला लिहिणाऱ्यांची नावं. कोणाचं मूल आजारी होतं, कोण कुठे वैतागली होती, सगळं आठवलं. पहिलं नाव तुमचं लिहिलं. काम नसताना तुम्ही मला फक्त एकदाच नीट लिहिलंत, आणि एकदा भांडलात. पण तेवढ्यानं मला तुम्ही पुरत्या माहीत होतात.

डॉक्टरांना मी तुमच्याबद्दल सांगितलं. यावेळी सखूचं नाव घेतलं नाही. ही बाई घाईच्या वेळी हात आवरते, इतकंच म्हटलं. आणि आणखी एक सांगितलं. पौडला नवं आरोग्य केंद्र होतं आहे, त्यांना माणूस लागणार आहे. छावणीचं काम संपलं की हिला शहरात ठेवू नका, पौडला द्या, ही मुळशीतच राहायची बाई आहे. ते हो म्हणाले आहेत.

हे सगळं तुम्हाला न विचारता केलं. पुन्हा. भांडायचं असेल तर इथे येऊन भांडा. लवकर या.

लीला


पुणे, छावणी
१० ऑगस्ट १९६१

लीलाताई,

मी आले तेव्हा तुम्ही निघून गेला होता. आदल्या दिवशी तुमचा भाचा इंदूरहून आला आणि तुम्हाला ताप होता तरी घेऊन गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुमचा बाक दाखवला. मी त्याच वर्गात राहते.

दिवसभर टोचते आहे. हात सुजला आहे. फार बरं वाटतं.

भांडायला आले होते. ते राहिलं.

तुळजा


इंदूर
३ डिसेंबर १९६१

प्रिय तुळजा,

पौडला रुजू झालीस हे वाचून घरात सगळ्यांना पेढे वाटले. सगळे म्हणाले, कोण तुळजा? सांगायला लागले तर तू दिसतेस कशी तेसुद्धा मला सांगता आलं नाही.

भाचा, भाचेसून प्रेमळ आहेत. मला वेगळी खोली दिली आहे, गच्चीवर ऊन येतं. पण "बाई, नर्स कोणी आहे का हो?" असं विचारत इथे कोण येणार? सकाळी उठल्यावर दिवसाचं काय करायचं ते कळत नाही. तू माणच्या ओट्याबद्दल लिहिलं होतंस ना, ते मला इथे येऊन समजलं.

लिहीत जा.

लीला


पौड
११ नोव्हेंबर १९६३

लीलाताई,

तुमच्या हातचं पत्र येऊन आठ महिने झाले. मी दर महिन्याला लिहिते आहे, ते मिळत असेल असं धरून चालते. आज मात्र कामासाठी लिहिते आहे.

ताम्हिणीला पुन्हा दवाखाना निघतो आहे, यावेळी सरकारी. तिथे राहणारी नर्स हवी. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमच्या ओळखीत आहे का कोणी?" माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी आहेत. पण मी म्हटलं, आधी एका बाईंना विचारते, त्यांना विचारल्याशिवाय नाव देत नाही. डॉक्टर थांबायला तयार आहेत.

एकटं राहावं लागतं, पाऊस फार असतो, ते तुम्हाला माहीत आहे. सांगा, कोणाला बोलावू?

तुळजा


इंदूर
२५ नोव्हेंबर १९६३

आदरणीय तुळजाबाई,

मी लीलाआत्यांची भाचेसून. आत्यांना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवा हात चालत नाही. आमची नावं त्यांना आठवत नाहीत, मला त्या कधी आई म्हणतात, कधी सिस्टर. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण तुमची पत्रं त्यांना वाचून दाखवताना त्या इतक्या शांत बसत की वाईट बातमी लिहायला हात उठला नाही. ती पत्रं बंद झाली असती तर? क्षमा असावी.

तुमचं या वेळचं पत्र वाचून दाखवलं आणि त्या एकदम ताठ बसल्या. केस नीट करायला सांगितलं, चष्मा मागितला. दुपारी जेवल्या नाहीत. "कामात आहे," म्हणाल्या. संध्याकाळी मला हाक मारून लिहून घ्यायला सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच खाली उतरवते.

"जागा अवघड आहे. एक नाव आहे. तुळजाबाई पारखी. मी जबाबदारी घेते."

मी विचारलं, आत्या, दुसरं एखादं नाव? तर म्हणाल्या, दुसरं नाही. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी त्या पोटभर जेवल्या.

तुमचा पेच आम्हाला कळतो. तुम्हाला योग्य वाटेल त्या नर्सला बोलावून घ्यावं.


पौड
४ डिसेंबर १९६३

लीलाताई,

तुम्ही दिलेलं नाव डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, पण पारखीबाई तर तुम्हीच." मी म्हटलं, होय, बाईंनी सुचवलं आहे, आता नाही म्हणायचं नाही. पौडला दुसरी कुणीही येईल. ताम्हिणीला मी एक जानेवारीला रुजू होते आहे.

त्याआधी आठ दिवसांची रजा घेतली आहे. इंदूरला येते आहे. हैबतरावाला सांगायला गेले तर त्यानं विचारलं, "इतक्या लांब? कोन लागती त्या बाई तुजी?" मी म्हटलं, येऊन सांगते.

तुम्ही मला ओळखणार नाही, असं सूनबाईंनी आडून सुचवलं आहे. त्याचं मला काही वाटत नाही. मीही तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. दारात उभी राहून मी नाव सांगेन, तुम्ही बस म्हणाल, मी बसेन. सहाच्या आधी उठणार नाही, आणि सहानंतरही नाही.

तुमची
तुळजा